उशाकडची काकी

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात बाळंतपणाच्या खोलीत शिरली की काकी थेट खाटेच्या उशाशी जाऊन उभी राही. पायांकडे कधी फिरकत नसे. "पायांकडचा काम डाक्टरांचा," ती म्हणायची. "उशाकडे कोण नसता. थंय मी." आमच्या गावात, आचऱ्यात, तिला सगळे उशाकडची काकीच म्हणत. ती सुईण नव्हती, नर्सही नव्हती. नवऱ्यामागे कोकमाची सोलं वाळवून, विकून एकटी राहणारी बाई होती.

घरची बाळंतपणं मागे पडून बायका दवाखान्यात जाऊ लागल्या होत्या, त्या दिवसांतली ही गोष्ट. घरच्या माणसांना आत सोडत नसत. पहिल्या खेपेला काकी व्हरांड्यात बसली आणि आतल्या मुलीला दाराबाहेरून हाका मारत राहिली, "भिया नको गो, मी हंयच आसंय." तो आवाज ऐकून मुलगी निवते हे सिस्टरांनी पाहिलं आणि दार उघडलं.

मुलींशी ती मालवणीत बोले, डॉक्टरांशी मात्र सावकाश, शाळेतल्या मराठीत. एकदा आयाने ओरडणाऱ्या एका मुलीवर हात उचलला. काकीने तो वरच्यावर धरला. "हात उगारू नका. बाळंत होतेय ती, गुन्हा नाही केलेला." डॉक्टर काही करायला पुढे झाले की तिचं ठरलेलं वाक्य येई, "आधी तिला सांगा, मग करा." डॉक्टर तरुण होते, घाटावरचे, कामाने पिचलेले. कधी चिडत, कधी सांगत.

माझ्या पहिल्या बाळंतपणात ती माझ्या उशाशी होती. दुपारी मूल झालं. रडण्याचा आवाज आला नाही. सिस्टरनी ते कपड्यात गुंडाळलं आणि दाराकडे वळल्या. दारात सासूबाई उभ्या होत्या. "तिका दाखव नको," त्या म्हणाल्या. "तोंड नजरेसमोरून जावचा नाय."

"बरोबर आहे त्यांचं," डॉक्टर म्हणाले. "उगाच त्रास होईल."

"होईल," काकी म्हणाली. "पण तिला कुणी विचारलं?"

मग ती माझ्या कानाशी वाकली. "बाय, झिल झालो. पण जीव नाय तेच्यात. बघतलंस? नको तर नको म्हण. पण तूच सांग."

मी हात पुढे केले. डॉक्टरांनी सिस्टरना मान हलवून खूण केली आणि ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मी माझ्या मुलाला घेतलं, पाहिलं, पोटभर रडले. काकीने घाई केली नाही.

पुढे एकदा मी तिला विचारलं, त्या दिवशी एवढा हट्ट का धरलास? ती सोलं उलटत होती. "माजा पण असाच झाला होता," ती म्हणाली. "माका कोणी इचारूक नाय. अजून सपनात येता. पण तेका तोंड नसता."

त्या दुपारचं मोल मात्र तिला द्यावं लागलं. मेलेलं मूल आईच्या हातात देणारी बाई म्हणून काही घरांनी तिला बोलावणं सोडलं. आमच्या घरी तर तिचं नावही निघेना. तिने कुणाकडे खुलासा केला नाही. ज्यांनी हाक मारली त्यांच्याबरोबर ती जात राहिली.

दुसऱ्या खेपेला माझ्या कळा सुरू झाल्या तेव्हा मी सासूबाईंना सांगितलं, काकी बरोबर नसेल तर मी गाडीत बसणार नाही. त्या पायांत चपला घालून बाहेर पडल्या. दोघींचं काय बोलणं झालं ते मला कधीच कळलं नाही, पण परतल्या एकत्रच. त्या दिवशी मुलगी झाली. ती पहिल्यांदा रडली तेव्हा काकीने माझ्या डोक्यावर हात ठेवला.

पुढे काकीचे पाय सुजू लागले, तेव्हा पुतण्या येऊन तिला बांद्याला घेऊन गेला. काही वर्षांनी तिकडूनच ती गेल्याचा निरोप आला. मी ओट्यावर सुन्न बसले होते. सासूबाई शेजारी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"तो कसो होतो गो दिसाक?"

इतक्या वर्षांत त्यांनी त्या बाळाबद्दल पहिल्यांदाच विचारलं होतं.

"कपाळ तुमचा होता," मी म्हटलं.