चाळीसच्या आत

नवी कोणतीही वस्तू कुणी जोरात चालवली की रनिंगकाकांच्या कपाळावर आठी उमटे. नव्या चपलासुद्धा ते आधी घरात फिरवून मग रस्त्यावर आणत. सॉल्ट लेकमधल्या आमच्या इमारतीत ते माझ्या वरच्या मजल्यावर राहत. बँकेतून निवृत्त झालेले, कानाला यंत्र लावणारे. मी बदलीवर कोलकात्यात आले, हौसेनं मोटरसायकल घेतली आणि माझं दुर्दैव असं, की ती त्यांना गॅलरीतून दिसली.

"चाळीसच्या वर नाही," त्यांनी तिथूनच बजावलं. "पहिलं सर्व्हिसिंग होईपर्यंत गाडी रनिंगमध्ये, इंजिन रुळू दे. आत धातूला धातूची ओळख व्हायची आहे." बरं, एकाच वेगानं जाण्याचीही मुभा नव्हती. "एकसुरी चालवू नकोस. कविता करतेस ना? लय बदलत राहा."

चाळीसच्या आत कसली लय आणि कसलं काय! ऑटोवाले शेजारून जाताना ओरडत, "ओ दीदी, हेंटे जान ना!" चालतच जा, म्हणजे लवकर पोहोचाल. मी संतापानं लाल होई. पण संध्याकाळी काका टीव्ही बंद करून, यंत्राचा आवाज वाढवून गॅलरीत बसलेले असत. मी फाटकातून आत शिरताच वरून निकाल येई : "आज तिसऱ्या गिअरात उगाच ओढलीस!"

"मलाही लग्नानंतर वर्षभर असंच रनिंगमध्ये ठेवलं होतं यांनी," काकू म्हणत.

मग ते दोघे नाशिकला मुलाकडे कायमचे निघाले. "तुझं पहिलं सर्व्हिसिंग तेवढं राहिलं गं," टॅक्सीत बसताना ते कळवळून म्हणाले. मी त्यांच्या घराची किल्ली घेऊन वर येते तोच काकूंचा फोन. "अगं, यांचं कानाचं यंत्र गॅलरीतच राहिलं!" सकाळी माझी गाडी ऐकायला बसले होते ना!

यंत्राची डबी खिशात टाकून मी निघाले. त्यांची रेल्वे सुटण्याआधी हावडा स्टेशन गाठायचं होतं. त्या दिवशी मी चाळीस पाहिलेच नाहीत. मोकळा रस्ता मिळेल तिथे इंजिन चिरक्या, उंच स्वरात किंचाळत होतं. पुलावर नदीचा ओला गारवा आला, आणि त्यात तापल्या तेलाचा करपट वास.

धापा टाकत डब्याच्या खिडकीशी पोहोचले. काकांनी डबी घेतली आणि नाक आक्रसलं.

"करपट वास येतोय. किती पळवलीस?"

"चाळीस," मी चार बोटं दाखवली.

"खोटारडी!"

आभाराचा एक शब्द नाही. गाडी हलली. त्यांनी घाईघाईनं यंत्र कानात बसवलं.

"काका, सांभाळून जा!" मी ओरडले.

"ऑइल बदलून घे!" ते ओरडले. डोळे भरले होते त्यांचे. इंजिनासाठी की माझ्यासाठी, देव जाणे.

परतताना मी चाळीसच्या आतच आले, लय बदलत. मागची बस भोंग्यानं कान किटवत होती. फाटकातून आत शिरले, इंजिन बंद केलं आणि वर पाहिलं.

गॅलरी रिकामी होती. मला त्यांचा भयंकर राग आला.