डोक्याकडचा दोर

आमच्या आर्डनेसला नळ, शाळा, दवाखाना सगळं दिलं ते लाकडाचे व्यापारी गिल्बर्ट रॅट्रे यांनी. बंदरावरचा वाफेचा भोंगाही त्यांचाच. तो वाजवणं माझं काम.

धुकं उतरलं की म्हातारे रॅट्रे हमखास माझ्या खोलीत येत. भोंगा थांबला की विचारत, "निनियन, घंटा ऐकलीस? जहाजावरची?"

"नाही, मालक."

"एवढे तरुण कान, आणि ठार बहिरा लेकाचा!" ते हसत, आणि पुन्हा खिडकीला कान लावत.

तीस वर्षांपूर्वी अशाच धुक्यात त्यांच्या लाकडाच्या जहाजाचा कप्तान मच त्यांना म्हणाला होता, "आज नको, मालक." रॅट्रे म्हणाले, "भीती वाटते तर घरी बसून मासे वीक." जहाज सुटलं. कप्तानासकट आठ माणसं बुडाली, एकही प्रेत मिळालं नाही. कप्तानाची बायको एल्स्पेथ तेव्हापासून रॅट्रेंच्या नळाचं पाणी घेत नव्हती. साठी उलटली तरी जुन्या विहिरीवरून बादली वाहत होती.

आमच्याकडे शवपेटी आठ जण दोरांनी उतरवतात. डोक्याकडचा दोर थोरल्या मुलाचा. रॅट्रेंना मूल नव्हतं. मरण्याआधी त्यांनी स्वतःच त्या आठ बुडालेल्यांच्या घरांना दोर धरायला बोलावणारी कार्डं लिहिली. पहिलं, डोक्याकडच्या दोराचं, एल्स्पेथला.

"येईल का रे ती?" कार्ड माझ्या हातात देताना त्यांनी विचारलं. "नाही आली तर तिरकाच लटकत राहीन मी."

एल्स्पेथनं कार्ड वाचलं. "माझ्या माणसाला उतरवताना कुणी दोर धरला होता, विचार त्याला." कार्ड मात्र तिनं परत दिलं नाही.

पुरायच्या दिवशी सात जणांनी दोर धरले. आठवा, डोक्याकडचा, मातीत पडून होता. पाद्रीबुवा थांबले. तेवढ्यात विहिरीकडून एल्स्पेथ आली, बादली खाली ठेवून तिनं दोर उचलला.

"बाईमाणूस कबरीपाशी?" खड्डा खणणारा पुटपुटला.

"तू फावडं सांभाळ."

पेटी टेकली. सगळ्यांनी दोर आत सोडले. तिनं सोडला नाही.

"सोडा आता, मचबाई," पाद्रीबुवा हळूच म्हणाले.

ती खड्ड्यात बघून बोलली, "रॅट्रे, तिकडे माझा माणूस भेटला की माफी माग. त्यानं दिली, तर हा दोर ओढून कळव."

माती लोटली गेली. तिच्या दोराचं हातभर टोक वर राहिलं. एल्स्पेथ रोज तिथं जाऊन बघायची.

ओला दोर आखडतो, हे मी यंत्रशाळेत शिकलोय. चार बोटं, फार तर वीतभर. गेल्या मंगळवारी दाट धुकं होतं. ते निवळल्यावर मी कबरीवर गेलो, तर टोक पूर्ण आत गेलेलं.

एल्स्पेथ तिथंच उभी होती. तिनं मातीवरून हात फिरवला, बादली उचलली आणि चौकातल्या नळावर जाऊन भरली.