होडीचं तेल ब्रेकमध्ये

"बूच रबराचं बसवू का लाकडाचं, तेवढंच सांगा ताई."

हरेशभाऊंनी मोबाइल माझ्या टेबलावर ठेवला. फोटोत त्यांच्या व्हॅनचा मागचा पत्रा होता आणि पत्र्याला अंगठा जाईल एवढं भोक.

"हे कोणी पाडलं?"

"मीच. ड्रिल हाय ना घरी."

माझं वर्कशॉप मालाडला, मार्वे रोडपासून जरा आत. त्याआधी बरीच वर्षं अंधेरीच्या एका सर्व्हिस सेंटरला सर्व्हिस अ‍ॅडव्हायजर होते. म्हणजे गाडीचं दुखणं मालकाच्या तोंडून ऐकायचं, मेकॅनिकला कळेल असं लिहून द्यायचं, आणि बिल बघून मालक भडकला की तेही ऐकायचं. आता स्वतःचं काम आहे. शनिवारी सकाळी मी गाड्या घेत नाही, नुसता सल्ला देते. कोणी ऑनलाइन मागवलेला ट्रकचा हॉर्न घेऊन येतो, कोणाला छोट्या गाडीला मोठे टायर हवे असतात. व्हिडिओ बघून अर्ध्या हळकुंडाने पिवळी झालेली मंडळी. मी बहुतेकांना "नको" म्हणते. ते मान डोलावतात आणि घरी जाऊन करायचं तेच करतात. मग पुढच्या महिन्यात मी ते निस्तरते.

हरेशभाऊ त्यातले नव्हते. मढच्या कोळीवाड्यातला माणूस, स्वतःची होडी, होडीचं इंजिन स्वतः उघडून परत लावणारा. व्हॅनमधून रोज मासळीचे क्रेट मालाडच्या बाजारात यायचे, तिथे त्यांची बायको विकायला बसायची. सणासुदीला त्याच व्हॅनमध्ये मागची सीट लावून सगळं घर बाहेर पडायचं. बर्फ वितळला की खारं पाणी पत्र्यावर साचतं. वास मारतो, पत्रा गंजतो. होडी किनाऱ्यावर ओढली की तळाचं बूच काढतात, आतलं पाणी वाहून जातं, मग बूच परत ठोकतात. यांनी व्हॅनलाही तेच केलं. विचार म्हणून वाईट नव्हता. फक्त होडीच्या तळाखाली पाणी असतं. गाडीच्या तळाखाली काय काय असतं ते वरून दिसत नाही.

"खालून फोटो काढलाय का?"

"काढलाय ना. गाडीखाली झोपून काढला."

मी फोटो मोठा केला. भोकाला लागून एक काळी, पेन्सिलपेक्षा बारीक नळी जात होती. एका ठिकाणी तिचा काळा रंग उडाला होता आणि आतलं लोखंड चकाकत होतं. ड्रिल पत्र्यातून आरपार गेलं ते तिला घासून गेलं होतं. त्याच्याभोवती धूळ ओली होऊन चिकटलेली. 

ही ब्रेकची नळी. आपण पेडल दाबतो तेव्हा पाय काही चाकापर्यंत पोचत नाही. पेडलपाशी एक पंप असतो, त्याला मास्टर सिलिंडर म्हणतात. तो नळ्यांमधलं तेल ढकलतो, आणि ते तेल चाकापाशी ब्रेक आवळतं. नळीला ओरखडा पडला, वर रोज खारं पाणी पडत राहिलं, की ती हळूहळू पाझरायला लागते.

"मीटरवर लाल दिवा लागला होता का?" मी विचारलं.

"लागलेला ना! हँडब्रेक खाली केला तरी विझेना. मग मोबाइलवर बघितलं, तर बोलतात ब्रेक ऑइल कमी झालं की पन पेटतो. तेलाची डबी बघितली, खरंच कमी. काल टाकलं. लगेच विझला."

हे सांगताना ते खूश होते. मीही क्षणभर बरं वाटून घेतलं. निदान तेल तरी टाकलं.

"कुठलं टाकलंत?"

"होडीच्या स्टिअरिंगचं. डब्यावर हायड्रॉलिक लिवलंय. ब्रेक पन हायड्रॉलिकच ना ताई? आनि भारीतलं हाय, साधं नाय."

 सर्व्हिस सेंटरमध्ये असताना असली एक गाडी आली होती, टो होऊन. समोरचा भाग उरलाच नव्हता.

ब्रेकचं तेल वेगळं असतं. होडीच्या स्टिअरिंगचं तेल खनिज तेल असतं. दोन्ही तेलं दाब पोचवतात, त्यामुळे डब्यावरचा शब्द एकच. पण ब्रेकमधली रबरं खनिज तेलात फुगतात. फुगली की आधी ब्रेक सुटत नाहीत, चाकाला धरूनच राहतात. गाडी पळत राहते, ब्रेक घासत राहतात, तापतात. त्या उष्णतेने तेल उकळायला लागतं, त्यात बुडबुडे होतात, आणि दाब पुढे न जाता ते बुडबुडेच दबतात. मग माणूस पेडल दाबतो आणि ते सरळ खाली जातं. गाडीत एक नळी गेली तर दुसरी असावी म्हणून तेलाच्या दोन वेगळ्या वाटा ठेवलेल्या असतात. पण दोन्हींना तेल पुरवणारी डबी एकच. हे तेल दोन्ही वाटांनी गेलं होतं.

"गाडी कुठे लावलीय?" मी उठले. "चावी द्या, मी आत घेते. आता ती चालवायची नाही."

"गाडी नाय ना इथं. मी स्कूटरवर आलो." ते हसले. "गाडी कार्ल्याला गेलीय. पोरीच्या, निकिताच्या लग्नाची पहिली पत्रिका एकवीरा आईला नको का द्यायला? म्हातारी आई, बायको, निकिता. मंगेश चालवतोय, माझा भाव. लांब जायचं म्हनून तर काल तेल टाकलं."

"पोचले?"

"दर्शन झालं. मघाशी फोन आलेला, निघतो बोलले."

कार्ल्याहून मुंबईला यायचं म्हणजे घाट उतरायचा. भरल्या गाडीने.

मी त्यांना घाबरवायचं नाही असं ठरवलं होतं, पण माझा आवाजच बदलला असणार. त्यांचं हसू गेलं. "काय झालं ताई?"

"मंगेशला फोन लावा. आत्ता. गाडी असेल तिथे थांबवायला सांगा."

मंगेश गाडी चालवताना फोन उचलत नाही. चांगली सवय आहे, मी एरवी सगळ्यांना हेच सांगते. बायकोचा फोन लागेना. निकिताचा वाजून वाजून बंद झाला.  मी फोन हरेशभाऊंच्या हातातून घेतला आणि परत लावला. परत. एकदाचा उचलला.

"हां पप्पा, बोला."

"निकिता, मी पप्पांच्या गॅरेजवाल्या मॅडम. स्पीकरवर टाक. गाडी कुठे आहे?"

"घाटात. आता उतरायला लागलोय."

"काकांना विचार, ब्रेक कसा लागतोय."

मंगेशचा आवाज आला. "गाडी जड वडतेय मॅडम. ब्रेक सोडला तरी पकडून ठेवतोय. आनि वास येतोय, काय तरी जळल्यासारका. आमी बोललो पुढच्या ट्रकचा असंल."

वास यांच्याच चाकांचा होता.  त्या व्हॅनमध्ये चार माणसं, त्यांतली एक दोन आठवड्यांत नवरी होणार, आणि मी इथे मालाडला बसून त्यांना नुसतं बोलून थांबवणार होते. गाडी समोर असती तर मी काहीतरी केलं असतं. इथे माझ्या हातात फक्त आवाज होता, तो तरी कापता कामा नये.

"मंगेश, घाबरू नकोस. नीट ऐक. इंजिन बंद करायचं नाही. कितव्या गिअरला आहेस?"

"चौथ्या."

"तिसरा टाक. हळूच क्लच सोड. इंजिनच गाडी धरेल. डावी लेन घे, चारी इंडिकेटर लाव."

इंजिन रडल्याचा आवाज फोनमधून आला. म्हातारी आई काहीतरी विचारत होती, बायको तिला गप्प करत होती.

"आता दुसरा. ब्रेकवर पाय ठेवून राहू नकोस. डावीकडे जागा दिसली की..."

"मॅडम!" मंगेश ओरडला. "पेडल खाली गेला! पेडल पार खाली गेला!"

"हँडब्रेक! बटण दाबून धर आणि थोडा थोडा वर ओढ, एकदम नाही. हँडब्रेकला तेल लागत नाही, त्याला तार असते. ओढ..."

फोन कट झाला.

त्यानंतरचा वेळ कसा गेला मला सांगता येणार नाही. मी फोन लावत होते आणि त्यातली रेकॉर्ड केलेली बाई सांगत होती की संपर्क होऊ शकत नाही. हरेशभाऊ खुर्चीवरून उठून जमिनीवरच बसले होते. "एकवीरा आई, माझी मानसं सांभाळ," एवढंच पुन्हा पुन्हा. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "ताई, वाचतील ना?"

मी परत नंबर लावला. मला खोटं बोलता येत नव्हतं आणि खरं माहीत नव्हतं. एरवी अज्ञानात सुख असतं म्हणतात, त्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला. तेल उकळल्यावर काय होतं, हँडब्रेक भरल्या गाडीला उतारावर किती धरतो आणि किती धरत नाही, हे सगळं मला पाठ होतं. नसतं तर बरं झालं असतं.

फोन वाजला. निकिता रडत होती, त्यामुळे आधी काही कळेना. मग कळलं. गाडी थांबली होती. दुसऱ्या गिअरने वेग मेला, हँडब्रेकने उरलासुरला खाल्ला, आणि मंगेशने डाव्या बाजूच्या मातीत गाडी घुसवली. पुढच्या चाकांतून धूर येत होता. कोणाला खरचटलंही नव्हतं.

हरेशभाऊ ओंजळीत तोंड लपवून रडले. मलाही रडायचं होतं, पण वेळ नव्हता.

"चाकांपुढे दगड लावा. पाणी ओतू नका, तापलेलं लोखंड तडकतं. सगळे गाडीतून उतरा, लांब आडोशाला उभे राहा. गाडी उचलून न्यायला फोन करा."

थोड्या वेळाने परत फोन. आता मंगेशचा, आणि आवाज एकदम सैल.

"मॅडम, टेन्शन नाय. ब्रेक परत आला! दोनदा मारून बघितला, झकास लागतोय. हळूहळू उतरतो आमी खाली. इथं उन्हात किती उभं राहनार? घरी पावनं येनार हायत."

मला सगळ्यात जास्त भीती त्या वाक्याची वाटली. आधीचं न कळून झालं होतं. हे कळून होणार होतं.

"मंगेश, तेल थंड झालं म्हणून ब्रेक आलाय. दोन वळणं उतरलास की परत जाईल. आणि या वेळी माती मिळेलच असं नाही."

"अवो, एकदम टकाटक लागतोय. मी सांगतो ना."

"मी तुला सांगतेय, चालवायची नाही!"

"तुमी तिथं बसून..."

"फोन आईकडे दे."

"काय?"

"आईकडे दे म्हणते ना!"

आजीबाईंचा श्वास ऐकू आला. मी त्यांना रबर, तेल काही सांगितलं नाही. म्हटलं, "आजी, गाडी आता एक हातसुद्धा पुढे गेली तर माझी खात्री नाही. तुम्ही घरातल्या मोठ्या आहात. चावी तुम्ही घ्या."

 फोन तसाच हातात धरून त्या ओरडल्या, "मंग्या! चावी हिकडं दे. पावनं बसतील. मना माझ्या नातीला हलद लावायची हाय!"

चावी दिल्याचा आवाज काही फोनवर येत नाही. पण मंगेश पुढे बोलला नाही.

रस्त्यावरच्या गस्तीच्या गाडीने त्यांना खाली आणलं, तिथून टॅक्सीने ते घरी आले. व्हॅन टो होऊन सोमवारी माझ्याकडे आली. मी मास्टर सिलिंडर उघडला. आतलं रबर रात्रभर भिजवलेल्या वाटाण्यासारखं फुगलं होतं, बोटांनी दाबलं तर मऊ. नळी पुसून भिंगाखाली धरली, ओरखड्यात केसाएवढी चीर. मास्टर सिलिंडर, चाकांकडची सगळी रबरं, चाकापाशी जाणारे रबरी होज, नळी, सगळं नवीन घातलं. जुनं काहीही धुऊन परत वापरायचं नाही, कारण तेल रबरात मुरलेलं असतं. पत्र्याचं भोक वेल्ड करून बुजवलं आणि क्रेटखाली ठेवायला उंच काठाचा ट्रे करून दिला. बुचाचा प्रश्नच मिटला.

हरेशभाऊंनी ते रबर हातात घेऊन दाबून बघितलं.

"मी तर काळजी घ्यायला गेलो ना ताई," ते म्हणाले. "लांब जानार म्हनून टाकलं. नायतर तसंच जाऊ दिलं असतं."

 आळशी माणसाच्या हातून ही चूक झालीच नसती. मी त्यांना ओरडायचं ठरवून ठेवलं होतं, ते राहून गेलं.

लग्न ठरल्या दिवशी झालं. मी गेले होते. मंगेशने मला स्वतः वाढलं, नजर मात्र एकदाही वर केली नाही.

धडा सांगायचा तर दोन ओळींचा आहे. ब्रेकच्या डबीच्या झाकणावर जे तेल लिहिलेलं असतं तेच घाला, आणि पत्र्याला ड्रिल लावण्याआधी खाली वाकून बघा. पण हा तुमच्यासाठी. माझा धडा वेगळा. शनिवारी कोणी पार्ट घेऊन, फोटो घेऊन आलं, की मी त्याच्या प्रश्नाचं उत्तर आधी देत नाही. आधी विचारते, गाडी या घडीला कोण चालवतंय? लोकांना वाटतं बाई चौकस आहे. "घराखाली उभी आहे" असं ते म्हणेपर्यंत मी खुर्चीत नीट टेकत नाही.