गरम शाफ्ट मोजला आणि तिच्यावर ओरडलो

चार महिने जिच्याशी बोलायची हिंमत झाली नाही, तिच्यावर आज सगळ्यांसमोर ओरडलो.

कॉलेज अर्धवट सोडून मी अंबडच्या कारखान्यात लेथवर आहे. ती तिथं तपासणीला. सकाळी माझे सहा शाफ्ट बारीक भरले म्हणून तिनं परत पाठवले. मी स्वतः मायक्रोमीटरनं मोजले होते, त्यामुळे भडकलो.

आमच्या जुन्या ऑपरेटरकाकांनी बाजूला घेतलं. "मशीनवरून काढल्या काढल्या मोजले ना तू? गरम लोखंड फुगलेलं असतं राजा, गार झालं की आकसतं. माप तिचंच खरं."

सॉरी म्हणायला गेलो, तर ती म्हणाली, "मी पण सुरुवातीला हेच केलं होतं. पुढचा गार होऊ दे, मग दोघं मोजू."

तो केव्हाच गार झालाय. मी अजून मशीनपाशी उभा राहून हे टाइप करतोय. जाऊन आधी काय बोलू, सांगा.