वेलबुट्टीत हरवलेली आत्या

मारुंजीत माझं पंक्चरचं दुकान आहे. पाटीवरची अक्षरं मात्र अशी, की मंगल कार्यालय समजून एक वऱ्हाड आत चौकशीला आलं होतं. ही करणी शेखर पेंटरची.

शेखर पूर्वी ब्रशनं पाट्या रंगवायचा. फ्लेक्स आले तसा त्यानं कॉम्प्युटर घेतला आणि त्यातल्या एका नक्षीदार फॉन्टच्या प्रेमातच पडला. उकारांना लांब शेपट्या, वेलांट्यांना खरोखरच्या वेली. मग दुधाची डेअरी असो की दशक्रियेचा फ्लेक्स, शेखरचा फॉन्ट एकच. आम्ही चिडवायचो, तो हसायचा. असा निर्मळ माणूस मी दुसरा पाहिला नाही.

यंदा त्याच्या सायलीचं लग्न ठरलं. पोर आईविना वाढलेली. शेखरच्या थोरल्या बहिणीनं, कासारसाईला दिलेल्या रत्नाबाईंनी, तिला लहानाची मोठी केली. म्हणून पत्रिकेत निमंत्रकांमध्ये शेखरनं पहिलं नाव घातलं ते आक्काचं, आणि मायेपोटी सगळ्यात जास्त नक्षीही त्यालाच केली.

पत्रिका बघून रत्नाबाई रुसल्या. आपलं नावच नाही, तर हळदीला येणार नाही म्हणाल्या. आत्याशिवाय कसली हळद? सायलीनं तर जेवणच टाकलं. शेवटी हळदीच्या सकाळी मी शेखरला गाडीवर घालून कासारसाईला नेलं.

"आक्का, सगळ्यात वर तूच हायेस की!"

"मला नको शिकवू. माझं नाव मला वळखू येतं. ही नुसती वेलबुट्टी हाय."

मी वाचून दाखवलं, तर मलाच म्हणाल्या, "तू बी त्याच्याच बाजूचा!"

त्यांचं तरी काय चुकलं? शाळा त्यांनी पाहिलीच नव्हती. शेखर पाट्या रंगवायला शिकत होता, तेव्हा त्यानं गोठ्याच्या भिंतीवर ठसठशीत अक्षरांत त्यांचं नाव लिहून त्यांच्याकडून गिरवून घेतलं होतं. त्यांना वाचता येई ते तेवढंच, आणि त्याचा त्यांना कोण अभिमान!

कोपऱ्यावरच्या दुकानातून शेखरनं लाल ऑइलपेंट आणि ब्रश आणला. दाराशेजारच्या भिंतीवर त्यानं लिहिलं, 'सायलीच्या लग्नाला यायचं. आपली, रत्नाबाई.' एकाही अक्षराला शेपूट नव्हतं.

रत्नाबाई पुढं झाल्या. ओल्या रंगाचं भान न ठेवता आपल्या नावावरून बोट फिरवत त्यांनी एकेक अक्षर म्हटलं.

"व्हय, ही मी," म्हणाल्या आणि डोळ्याला पदर लावला. मग चपला पायात सरकवत करवादल्या, "आधीच असं लिवायला काय झालं हुतं रं तुला?"

मारुंजीत सायलीला पहिली हळद आत्यानंच लावली. बोटावरचा ऑइलपेंट अजून ओलाच होता. पिवळ्या गालावर एक लाल रेघ उमटली. बायका पुसायला धावल्या, पण सायलीनं ती कुणाला पुसू दिली नाही.