मांडीवर चप्पल घेतलेला माणूस

मागच्या महिन्यातला एक मंगळवार. नाशिकमधल्या दोन कॉलेजांत मी तासिका तत्त्वावर मराठी शिकवते... सकाळी एक, दुपारी दुसरं, आणि डबा स्कूटीच्या सीटवरच. त्या दिवशी एम.ए.चा तास म्हणजे माझा पाचवा होता आणि अंगात त्राण नव्हतं.

नव्या सिलॅबसमध्ये समाजमाध्यमं आणि संस्कृती असा पेपर आलाय, त्यात मीम शिकवायचं असतं. म्हणजे जे बघून मुलं हसतात त्यात चिन्ह, अर्थ, सत्ता वगैरे शोधून त्यांचं हसू घालवायचं. हे काम मला बऱ्यापैकी जमतं.

मी निवडलेलं मीम तुम्हालाही कुणीतरी पाठवलं असेल... लग्नाच्या लॉन्सवर रिकाम्या प्लास्टिकच्या खुर्च्या. मधोमध एकच माणूस, डोक्याला गुलाबी फेटा, मांडीवर लेडीज चपलांचा जोड, नजर कुठेच नाही. आणि खाली एकच शब्द... सोमवार. बस. का, कशासाठी, काही पत्ता नाही.

पडद्यावर तो फोटो लावून मी अर्धा तास बोलले. या माणसाला आता नाव नाही, गाव नाही, तो रिकामं चिन्ह झालाय, ज्याला जे भरायचं ते त्यानं भरावं. आणि चपलेमागे काही गोष्टच नाही, म्हणून तर हसू येतं. मुलांनी ते निमूट लिहून घेतलं. मुलं हल्ली काहीही लिहून घेतात.

तास संपल्यावर कोमल थांबली. सटाण्याकडची मुलगी, मागच्या बाकावर बसणारी, वर्षभरात वर्गात एकदाही न बोललेली.

"मॅडम, त्यांना नाव आहे. देवराम. माझे मामा आहेत ते."

मी हातातला खडू खाली ठेवला. पुढचं ती अगदी शांतपणे सांगत गेली... वडील लवकर गेले, मामानेच दोघी बहिणींना वाढवलं. मोठीच्या लग्नात पाठवणीच्या वेळी ताई सासरची नवी सँडल घालून गाडीत बसली आणि घरून घालून आलेली चप्पल स्टेजपाशीच राहिली. मामाने ती उचलली आणि तसाच बसून राहिला. तेवढ्यात कुणीतरी फोटो काढला.

तेव्हापासून मामा कुणाच्याच लग्नाला जात नाही. बाजारात गेला की पोरं लांबून "ओ सोमवार" म्हणून ओरडतात. आता कोमलचं लग्न ठरलंय, आणि भटजींनी माइकवर मुलीच्या मामांना पुकारलं की तिला मांडवात घेऊन यायचं कोणी? मामा म्हणतो, दुसऱ्या कुणाला तरी सांग.

मला वाटलं, आता ही रडेल, नाहीतर प्रिन्सिपॉलकडे जाईल. तिने फोन पुढे केला. "तुम्ही आत्ता सांगितलं ना मॅडम, फोटोतला माणूस म्हणजे तो माणूस नसतोच... तेवढं मामाला समजावून सांगाल?"

इतकी वर्षं शिकवतेय, पण माझ्या थिअरीचा उपयोग व्हावा असं आजवर कुणाला वाटलं नव्हतं.

तिने मामाला फोन लावून दिला. बोलले मग. चिन्ह, प्रतिमा, सगळं सोपं करून सांगितलं... मामा तो तुम्ही नाहीच, लोक तुम्हाला हसत नाहीत. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मी नाय असं धरू, मॅडम. पन चप्पल आमच्या मोठीचीच शे ना?"

माझ्याकडचं सगळं सामान तिथेच संपलं. मग मी खरं ते सांगितलं... मामा, मीही हसले होते. एका सोमवारी कॉलेजला निघताना माझ्या बहिणीने पाठवला होता तो फोटो, आणि मला तो माझाच वाटला. आज तोच वर्गात लावला. चुकलं माझं.

पलीकडे चालू असलेली पाण्याची मोटार त्यांनी बंद केली. मग म्हणाले, "तुम्ही बी एवढ्या दमता का?"

हो म्हणाले. हे मला खूप दिवसांत कुणी विचारलंच नव्हतं.

"मग लग्नाला या. दोघं बाजूबाजूला बसू."

परवा रविवारी गेले सटाण्याला. भटजींनी माइकवर मामांना पुकारलं. क्षणभर कुणीच हललं नाही... मग माझ्या शेजारच्या खुर्चीतून गुलाबी फेटा उठला. मागून कुणीतरी "सोमवार" म्हणालंच. मामांनी वळूनही पाहिलं नाही, कोमलचा हात धरून तिला मांडवात आणलं. मी टाळ्या वाजवल्या, तिथे कुणी वाजवत नसताना.

पाचला कोमलला घेऊन सासरची गाडी गेली. मामा स्टेजपाशी जाऊन वाकले, कोमलची जुनी चप्पल उचलली आणि माझ्याकडे देत म्हणाले, "धरा जरा." आणि मंडपामागे गेले. त्यांचे खांदे हलत होते.

लॉन्सवरच्या खुर्च्या रिकाम्या होत चालल्या होत्या. मी एकटीच बसले होते, मांडीवर ती चप्पल घेऊन. एका पट्ट्यात दोनचार अक्षता अडकलेल्या. समोरून कुणीतरी मोबाइल वर केल्यासारखं वाटलं... काढला असेल फोटो, तर काढू दे.

मामा तोंड धुऊन परत येईपर्यंत मी ती खाली ठेवली नाही.