शूचा तक्ता

माझ्या स्वयंपाकघराच्या दाराआड एक तक्ता लटकतो. जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर पट्टीने आखलेला, रोज नवा. डावीकडे मुलांची नावं, वर अर्ध्या-अर्ध्या तासाच्या वेळा, आणि मधल्या चौकोनांत पेनाचे ठिपके. मुलाने शू केली की एक ठिपका. लंगोटवाल्यांचा लंगोट ओला झाला तरी एक ठिपका. पाळणाघर बघायला आलेले नवे पालक तो पाहून हसतात. त्यांना भिंतीवर अक्षरं, फळं, हसरा सूर्य असं काही अपेक्षित असतं. सूर्य हसरा असतो ही कल्पना ज्याने काढली, तो नागपुरात राहत नसणार.

पंचवीस वर्षं मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम केलं. पुस्तक गेलं की नोंद, परत आलं की नोंद. ती नोकरी संपल्यावर घरातच पाळणाघर काढलं, आणि सवय तेवढी राहिली. उन्हाळ्यात लहान मुलाच्या पोटात पाणी किती गेलं हे कोणालाच खात्रीने सांगता येत नाही. अर्धा पेला सांडतो, पाव पेला बाहुली पिते. पण बाहेर किती आलं ते दिसतं. चार तास ठिपका नाही म्हणजे काहीतरी बिघडलं, एवढं साधं ते शास्त्र आहे. त्याचा नियम एकच: स्वतः पाहिल्याशिवाय ठिपका द्यायचा नाही. मावशी मुलांना मोरीत नेते आणि तिथूनच ओरडते, "बाई, लाल चड्डी झाली!" मी ठिपका देते. मावशीचं पाहणं माझं पाहणं धरलेलं आहे.

उन्हाळ्याबद्दल बोलणारे आपल्याकडे पुष्कळ. मोबाईलवर रोज सूचना येते: भरपूर पाणी प्या, सैल सुती कपडे वापरा. खाली निम्म्या जागेत कोणा पुढाऱ्याचा हात जोडलेला फोटो, अंगात जाड जाकीट.

मी सांगते आहे तो दिवस एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातला. माझ्याकडे सहा मुलं होती. पाच सकाळपासून घरात होती. सहावी, पावणेचार वर्षांची एक मुलगी, शाळेतून व्हॅनने दुपारी यायची. त्या दिवशी तिच्या शाळेत पदवीदान समारंभ होता. चुकीचं वाचलं नाही तुम्ही. शिशुवर्गाचा पदवीदान समारंभ. त्यांना पदवी कोणत्या विषयात मिळाली ते मला अजून कळलेलं नाही. माझी एम.ए.ची पदवी पोस्टाने आली होती, एका कोपऱ्यात चुरगळून.

पाऊण वाजता व्हॅनचा हॉर्न वाजला. मी दारात गेले तर व्हॅनमधून एक काळा, चकचकीत सॅटिनचा गाऊन उतरत होता. पायघोळ. वर पुठ्ठ्याची चौकोनी टोपी, तिला पिवळा गोंडा. हातात सुरळी. आत लाल झालेला एवढासा चेहरा. व्हॅनवाला म्हणाला, पाहुणे दीड तास उशिरा आले, लेकरं मंडपातच बसून होती.

"कोनाच्या डोक्यातून निघालं वं हे?" मावशी म्हणाली. मावशी भिवापूरकडची, माझ्याकडे आठ वर्षांपासून आहे. "वकील करून राहिले का लेकराले आत्तापासून?"

"चल, गाऊन काढू या," मी म्हटलं.

"नाही. आई फोटो काढणार आहे."

"आई सहाला येते गं."

"मग सहाला काढीन."

तिच्या आईला सुट्टी मिळाली नव्हती. बुटीबोरीच्या कंपनीत कामाला आहे ती. वडील बाहेरगावी. सकाळी निघताना आई म्हणाली होती, गाऊन काढू नको हं, मी आले की फोटो काढू. मुलीने तो शब्द झेलला आणि मुठीत धरून ठेवला. मी तिला जवळ ओढलं तर ती किंचाळली. किंचाळण्याने पाळण्यातला दहा महिन्यांचा उठला. तो उठला म्हणून दुसरी रडायला लागली. मी माघार घेतली. म्हटलं, कूलरसमोर बस, पन्हं पी, घटकाभराने बघू. तिने दोन घोट घेतले आणि पेला बाजूला सरकवला.

"शाळेत शू केली ना?" मी विचारलं.

तिने मान हलवली. वरखाली हलवली की आडवी, हे मी नंतर पुष्कळ आठवून पाहिलं. टोपीचा गोंडा हलला, एवढं नक्की. मी दाराआड गेले आणि तिच्या रांगेत साडेबाराच्या चौकोनात ठिपका दिला. एवढा वेळ शाळेत होती, तिथे बाई असतात, नेलंच असेल. माझ्या हातून त्या तक्त्यावर पडलेली ती पहिली खोटी नोंद.

पावणेदोनला लाईन गेली. कोपऱ्यावरच्या विजेच्या डीपीतून फट् असा आवाज आला, आणि त्या आवाजानंतर लाईन तासाभरात येत नसते. इन्व्हर्टरवर दोन पंखे चालतात. कूलर चालत नाही. वाळ्याच्या ताट्या ओल्या होत्या तोवर थोडा ओलावा राहिला, मग खिडकीतून झळ यायला लागली. मावशीने ओल्या चादरी खिडक्यांवर टाकल्या. मी बाकीच्यांचे कपडे उतरवले, अंग पुसलं, एकेकाला चमच्याने पाणी पाजलं. दहा महिन्यांच्याला पाजायला सर्वांत जास्त वेळ लागला. वळून पाहिलं तर पदवीधर बाई चटईवर आडव्या झाल्या होत्या. डोळे मिटलेले. टोपी बाजूला पडलेली.

झोपली एकदाची, असं मला वाटलं. बरं वाटलं हे इथे लिहायला हवं. पाळणाघर चालवणाऱ्या बाईला मूल गप्प झालं की बरं वाटतं, तिने कितीही पुस्तकं वाचलेली असोत. मनात म्हटलं, गाढ झोपू दे, मग हळूच गाऊन काढते. वीस मिनिटं मी दुसऱ्यांकडे पाहत राहिले.

मावशी मोरीतून बादली घेऊन आली, मुलीला ओलांडताना वाकली आणि तिच्या कपाळाला हात लावला. तो हात तिने झटक्याने मागे घेतला.

"बाई, हे झोपलं नाही वं लेकरू. ऊन लागलं हिले. पाह्य, भट्टीसारखी तापून राहिली."

गाऊनची चेन मागे होती आणि अडकली होती. मी ओढली, मावशीने ओढली. मग मी कोथिंबिरीची कात्री आणली आणि गळ्यापासून खालपर्यंत गाऊन कापत नेला. आत अस्तराचा फ्रॉक, त्याखाली मांडीपर्यंतचे मोजे. कात्री चालत असताना तिने डोळे उघडले, कापलेल्या कापडाकडे पाहिलं आणि पुन्हा मिटले. रडली नाही. तासाभरापूर्वी ज्या गाऊनसाठी ती घर डोक्यावर घेत होती, तो तिच्यादेखत फाटला आणि ती रडली नाही. मी आयुष्यात कधी इतकी घाबरले नव्हते.

ओला पंचा अंगावर, ओली फडकी मानेला, काखेत, जांघेत. पंखा पुरेना, म्हणून मावशी ती पुठ्ठ्याची टोपी उचलून तिनेच वारा घालायला लागली. थर्मामीटर एकशे तीनच्या वर गेला. मी दोन गल्ल्या पलीकडच्या मुलांच्या डॉक्टरांना फोन लावला. दवाखाना पाचला उघडतो, पण ते वरच राहतात.

"हाक मारल्यावर बघते का?"

"बघते. बोलत नाही."

"पुसत राहा, वारा घालत राहा. चमच्याने मीठ-साखरेचं पाणी द्या, गिळत असेल तरच. उन्हातून आणू नका, मी येतो."

मग तिच्या आईला फोन. दोनदा कोणी उचलला नाही. तिसऱ्यांदा तिने कुजबुजत उचलला, मीटिंगमध्ये आहे म्हणाली. मी काय सांगितलं ते ऐकल्यावर तिचा आवाज मोठा झाला, आणि मागचे आवाज बंद झाले. "निघाले," ती म्हणाली. बुटीबोरीहून माझ्या घरी यायला तासाच्या वर लागतो.

डॉक्टर डोक्याला पंचा गुंडाळून आले. गाडी दाराशीच सावलीत लावली. त्यांनी मुलीला तपासलं, ओठ पाहिले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती सावकाश खाली बसली.

"शेवटची शू कधी?"

मी दाराआडचा तक्ता काढून आणला. इतक्या वर्षांत कोणीतरी तो पहिल्यांदा गंभीरपणे पाहत होतं. त्यांनी बोट ठेवलं. "साडेबारा. मग तितकं वाईट नाही. थांबायला हरकत नाही."

"शाळेत झाली," मी म्हटलं.

"तुम्ही पाहिली?"

मावशी वारा घालायची थांबली. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

"नाही," मी म्हटलं. "मी धरून चालले."

मी तिच्या आईला पुन्हा फोन लावला. ती ऑटोत होती. शेवटची शू घरून निघताना, सकाळी सातला, असं तिने सांगितलं. सात ते अडीच. डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. "साडेतीनपर्यंत बघू. शू झाली तर ठीक. नाही झाली, उलटी झाली किंवा झापड वाढली, तर मी गाडीत घालून नेतो आणि सलाईन लावतो." ते मुलांच्या ठेंगण्या खुर्चीवर बसले, गुडघे छातीशी आले, आणि पाळण्यातला सोडून बाकीच्या मुलांनी त्यांच्याभोवती गोल केला. एकाने विचारलं, "तुम्ही इंजेक्शनवाले आहे का?" ते म्हणाले, "आज नाही." कोणाचाच विश्वास बसला नाही.

तो तास कसा गेला ते सांगता येणार नाही. एक चमचा, थांबायचं, दुसरा चमचा. दर पाच मिनिटांनी थर्मामीटर. एकशे दोन. एकशे दोनला थोडं कमी. मी आयुष्यात अनेक मोठ्या माणसांच्या मोठ्या इच्छा वाचल्या आहेत, राज्यं, मोक्ष वगैरे. मला त्या वेळी फक्त एका मुलीची शू हवी होती. चड्डीतून चटईवर ओल पसरावी, माझ्या साडीवर पसरावी, कुठेही. मावशी पुटपुटत होती, "कर वं माय, कर. तुले कोनी रागावत नाही."

तीन-वीसला लाईन आली. मुलं ओरडली. कूलर घरघरला. मुलीच्या अंगाखालची चादर कोरडीच होती. डॉक्टरांनी खिशातून गाडीची किल्ली काढून हातात धरली.

तेवढ्यात ती बोलली. एवढ्या बारीक आवाजात की मला कान तिच्या तोंडाशी न्यावा लागला.

"शू आली. पण गाऊन खराब होईल."

"काय म्हणते?" डॉक्टरांनी विचारलं.

"मॅडम म्हणाल्या, पाणी नाही प्यायचं, शू येते. स्टेजवर शू नाही म्हणायचं."

मंडपातल्या मुलांना शाळेने सकाळपासून पाणी दिलंच नव्हतं. पाहुण्यांसमोर कोणी शू म्हणू नये म्हणून. ही पोरगी आज्ञाधारक होती. तापात, ग्लानीत, गाऊन अंगावर नसताना ती तो गाऊन जपत होती.

"गाऊन नाही आता अंगावर," मी म्हटलं. "कापला मी."

तिने मान खाली करून पाहिलं. मग कोपऱ्यातली ती काळी चिंधी पाहिली. आणि रडली. मोठ्याने, भोकाड पसरून, डोळ्यांतून पाणी काढून. डॉक्टर म्हणाले, "पाणी आहे डोळ्यांत. छान." इतकं दुःख पाहून इतका आनंद झालेली माणसं मी त्या दिवशी पाहिली. मावशीने तिला तशीच उचलून मोरीत नेलं. मी दारात उभी राहिले. थोडी होती, गडद पिवळी होती. मी पाहिली.

"झाली वं बाई!" मावशी ओरडली. मी शेजारीच होते तरी.

डॉक्टर आणखी अर्धा तास बसले. ताप शंभरावर आला, मुलीने पेलाभर पाणी स्वतःहून घेतलं, मग ते पंचा गुंडाळून गेले. रात्री पुन्हा दाखवा म्हणाले.

आई आली तेव्हा चार वाजले होते. चेहऱ्यावरचा दुपट्टा न सोडताच ती आत धावली. मुलीला छातीशी धरून ती बराच वेळ बसली. मग तिचं लक्ष खाली पडलेल्या तक्त्याकडे गेलं. मुलीच्या रांगेत दोन ठिपके होते.

"साडेबाराला झाली होती की काकू," ती म्हणाली. मला धीर देण्यासाठीच म्हणाली असावी.

"तो ठिपका खोटा आहे," मी म्हटलं. "मी न पाहता दिला. आणि ती झोपली म्हणून वीस मिनिटं मी तिच्याकडे पाहिलंही नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ती बोलेल. तिने बोलायला हवं होतं.

"गाऊन काढू नको असं मीच सांगितलं होतं," ती म्हणाली.

माझी चूक तिने कमी केली नाही, तिची मी. मावशीने दोघींपुढे पाण्याचे पेले ठेवले. "प्या. तुमची कोन मोजून राहिलं?"

मुलगी पुढच्या सोमवारी परत आली. आई तिला सोडताना दाराआड जाऊन तक्ता बघते, रोज. मी त्याबद्दल काही म्हणत नाही. त्या दिवसाचा कागद मी टाकलेला नाही. साडेबाराच्या ठिपक्याभोवती लाल पेनाने गोल केला आहे.

आणि उन्हाळ्यात आता माझ्या घरी कोणाचीच झोप पुरी होत नाही. दर वीस मिनिटांनी मी एकेकाला हलवते, नावाने हाक मारते, तो वैतागून काही बोलला की पुढच्याकडे सरकते. मुलं चिडतात. पालक तक्रार करतात, घरी आल्यावर किरकिरतात म्हणून. मावशी म्हणते, "काहून उठवून राहिली वं लेकरायले? झोपलेच आहे ते."

मी तरी उठवते.